दुपारची बाटली

धाकटीच्या पोटात गुडगुडलं तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ती ‘जुलाब’ या शब्दावर होती. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट. पण छापखान्याच्या तपासणी खोलीत पान उलटल्याचासुद्धा आवाज होतो, आणि तिथे एकोणसाठ वर्षांच्या बाईचं पोट एवढ्या मोठ्यानं बोललं की शेजारच्या टेबलावरच्या आकडेकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं आणि मग सभ्य माणसासारखं लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. धाकटीनं भिंग खाली ठेवलं. छापखान्यात तिला धाकटी कुणी म्हणत नसे, तिथे ती भिंगबाई होती. डब्यांवरची लेबलं, औषधांच्या खोक्यात घडी घालून कोंबलेली पत्रकं, त्यांच्यावरचा मुंगीएवढा मजकूर. तो छापायला जाण्याआधी शेवटचा डोळा तिचा. सदतीस वर्षं. धाकटी ती फक्त घरी होती, आणि घरी तिला धाकटी म्हणणारी थोरली बहीण दोन महिन्यांपूर्वी गेली होती. जिची थोरली उरली नाही ती कसली धाकटी? पण या वयात माणसानं स्वतःला नव्यानं काय म्हणायचं हे कुणी सांगत नाही. मनातल्या मनात ती अजून धाकटीच होती.

तिच्या कामाची एक रीत होती. मजकूर ती शेवटापासून वाचायची. शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, उलटं, पुठ्ठ्याला पाडलेल्या फटीतून एका वेळी एकच शब्द. बाविसाव्या वर्षी ती इथे लागली तेव्हाच्या मुख्य तपासनिसांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पोरी, सरळ वाचलंस की अर्थ लागतो. अर्थ लागला की डोळा पळतो, आणि डोळा पळाला की चूक सुटते. अर्थाच्या नादी लागायचं नाही. अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं.” ते तपासनीस कधीच गेले, पण त्यांचं वाक्य राहिलं. धाकटीनं ते इतकं अंगी बाणवलं की पुढे नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच ऐकवू लागली, वर स्वतःचं म्हणून. आणि खरोखर, सदतीस वर्षांत तिच्या हातून एक काना सुटला नव्हता, एक टिंब इकडचं तिकडं झालं नव्हतं. उंदराच्या औषधाचं आणि तान्ह्या बाळाच्या दुधाचं लेबल तिनं एकाच दुपारी तपासलं होतं. संध्याकाळी कुणी विचारलं असतं की कुठलं कुणाला द्यायचं, तर तिला सांगता आलं नसतं. याचा तिला अभिमान होता. लोक रस्त्यातल्या पाट्या वाचत जातात, तिला पाट्यांमधली अक्षरं दिसत. लोक एकमेकांची पत्रं वाचून रडतात. तिला एकदा एका माणसाचं पत्र आलं होतं, फार पूर्वी, आणि तिनं आधी त्यातल्या तीन चुका पाहिल्या होत्या. थोरली तेव्हा म्हणाली होती, “अगं, पण तो म्हणतोय काय?”

तर ‘जुलाब’. रोजच्या सवयीप्रमाणे तिथून डोळा मागे जायचा, ‘पातळ’ या शब्दाकडे. पण पोटातल्या त्या आवाजानं डोळ्याची दिशाच चुकली म्हणा, किंवा पोट आणि पत्रक एकच गोष्ट बोलतायत याचा तिला धक्का बसला म्हणा. फटीचा पुठ्ठा बाजूला सरकला आणि धाकटीनं कितीतरी वर्षांत पहिल्यांदा एक ओळ सरळ वाचली. मग पुढची. मग सगळा परिच्छेद. ‘संभाव्य दुष्परिणाम. काही व्यक्तींना पोट फुगणे, पोटात गुडगुड, मळमळ, तोंडाला धातूची चव, बद्धकोष्ठ किंवा पातळ जुलाब असा त्रास होऊ शकतो. पेय थंडगार घेतल्यास किंवा घाईने, एका दमात घेतल्यास हा त्रास वाढू शकतो. बाटली साधारण खोलीच्या तापमानाला आणून, सुमारे अर्ध्या तासात, घोट घोट घ्यावी. त्रास सुरू राहिल्यास डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना कळवावे.’ आजाऱ्यांसाठीच्या पातळ पोषक आहाराचं पत्रक होतं ते. जेवण जात नाही अशांसाठी बाटलीत भरलेलं जेवण. थोरली शेवटच्या चार महिन्यांत जे पीत होती ते हेच, आणि तिच्यामागे उरलेलं जे धाकटी रोज सकाळी कामाला निघताना घशाखाली ढकलत होती तेही हेच. नव्या खेपेसाठी पत्रक पुन्हा छापायचं होतं, म्हणून जुन्या छपाईची फाईल सोबत जोडलेली होती. धाकटीनं ती उघडली. तीन वर्षांपूर्वीची तारीख. मजकूर अगदी हाच. खाली चौकटीत ‘तपासले’, आणि त्यापुढे तिची स्वच्छ, गोल, एका टिंबाचीही चूक नसलेली सही.

“काका,” ती म्हणाली, “हे पत्रक मागच्या वेळी तुमच्याकडेही आलं असेल ना?”

आकडेकाका फक्त आकडे तपासायचे. ग्रॅम, टक्के, दशांश चिन्हं. “आलं असणार की. आकडे आहेत म्हणजे आलंच.”

“तुम्ही वाचलं होतंत?”

“वाचलं म्हणजे?” काका गोंधळले. “दोनदा तपासलं असेल. काही सुटलंय का, भिंगबाई?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “काहीच सुटलेलं नाही.”

थोरली टेलिफोन खात्यात होती. हातानं तारा जोडून द्यायच्या त्या काळापासून निवृत्तीपर्यंत तिनं कानानं नोकरी केली. पलीकडच्या माणसानं नुसता श्वास घेतला तरी तिला कळायचं की आता वाईट बातमी येणार, आणि ती तार जोडताना आवाज जरा मऊ करायची. धाकटी डोळ्यांची, थोरली कानांची, दोघी मिळून एक धड माणूस होतो असं थोरली पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे गेल्यावर म्हणायची, “त्यातलं तोंड मात्र माझ्याच वाट्याला आलं.” दोघींचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत हे विचारणारी माणसं एकेक करून मरून गेली आणि प्रश्न आपोआप मिटला. दोन खोल्या, एक गॅलरी, समोर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे इस्त्रीवाल्याचं दुकान. एवढ्यात चाळीस वर्षं कशी गेली ते त्या दोघींनाच ठाऊक. भांडणं झाली, नाही असं नाही. खिडकी उघडी की बंद यावर तर कायमच. पण रात्री दिवा घालवल्यावर थोरली अंधारात म्हणायची, “धाकटे, झोपलीस?” आणि धाकटी म्हणायची, “हो.” यात काही चुकतंय असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

मग थोरलीच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. घरी आली ती निम्मी होऊन. जेवणाचं ताट पाहिलं की तोंड फिरवायची. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बाटल्या लिहून दिल्या, दिवसाला तीन, सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाहेर बाकावर आणखी वीसेक माणसं खोळंबली होती. “कसं घ्यायचं ते पत्रकात सगळं आहे, नीट वाचा,” बाई म्हणाल्या, आणि धाकटीला आतून गुदगुल्या झाल्या. पत्रक! घरी खोकं उघडल्यावर तिनं ते घडीचं पत्रक थोरलीपुढे नाचवलं. “हे कुणी तपासलंय माहितीये? मी.” थोरलीनं कौतुकानं ते हातात घेतलं, अक्षर बारीक म्हणून डोळ्यांपासून लांब धरलं, आणि परत दिलं. “तू तपासलंयस म्हणजे काय बघायचं.” धाकटीनं ते पुन्हा घडीवर घडी घालून केराच्या डब्यात टाकलं. घरात वैद्य असताना काढ्याची चिठ्ठी कुणी जपून ठेवतं का?

आणि वैद्यानं आपली रीत चालवली. बाटल्या फ्रीजमध्ये, अगदी मागच्या बाजूला, जिथे सगळ्यांत गार. गार असलं की त्या गोड, चिकट वासाचा त्रास होणार नाही हा धाकटीचा स्वतःचा शोध. नळीनं प्यायला थोरलीला वेळ लागायचा, म्हणून नळी बाद. सकाळी सव्वाआठला धाकटी पेला घेऊन पलंगाशी उभी राहायची, मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा, कारण साडेआठची बस चुकली तर पुढची पावणेनऊला. “एका दमात. हं. सरबत नाही ते, चघळत बसायला.” थोरली डोळे मिटून प्यायची. घशाची घाटी वरखाली व्हायची. पेला परत देताना वरच्या ओठावर पांढरी मिशी उरायची आणि ती पुसायच्या आधीच धाकटी दार ओढून घ्यायची. संध्याकाळी परत तेच. फक्त तेव्हा बस नसायची, स्वयंपाक असायचा. घाई माणसाच्या अंगात एकदा मुरली की तिला कारण लागत नाही.

तासाभरानं थोरलीचं पोट वाजायला लागायचं. साधं वाजणं नव्हे. “वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाटं सरकवतंय गं,” ती म्हणायची. पोट टम्म फुगायचं. मग ती भिंतीला धरून न्हाणीघराकडे जायची, परत यायची, परत जायची. तोंडात लोखंडाची चव येते म्हणायची, जिभेवर मेण बसल्यासारखं वाटतं म्हणायची. धाकटी म्हणायची, आजारच आतड्याचा, तो काय बासरी वाजवणार? थोरली हसायची. आजारी माणूस आपल्या विनोदाला हसलं की आपण त्याला बरं करतोय असं वाटतं. धाकटीला तसं वाटत होतं. ती मनापासून करत होती, हे कुणीही सांगेल. रजा संपवल्या होत्या, झोप मोडून उठत होती, न्हाणीघराबाहेर पायपुसण्यावर बसून राहत होती. फक्त थोरली जे सांगत होती ते तिनं ऐकलं नाही. ऐकलं म्हणजे अक्षरं ऐकली.

कारण थोरली आणखी एक गोष्ट सांगत होती. “दुपारची मला मानवते,” ती म्हणायची. “सकाळ-संध्याकाळच्या गोंधळ घालतात. दुपारची मात्र शहाण्यासारखी बसते.” दुपारी घरात कुणी नसायचं. धाकटी सकाळी निघतानाच ती बाटली खिडकीच्या कट्ट्यावर काढून ठेवायची, कारण थोरलीला फ्रीजपर्यंत वाकवत नव्हतं. पहिल्यांदा धाकटीनं ते कानाआड केलं. दुसऱ्यांदा तिच्यातला तपासनीस जागा झाला. बाटली तीच, खोकं तेच, पोट तेच. मग दोन बाटल्यांनी गोंधळ आणि एकीनं नाही, हे कसं? याला एकच उत्तर होतं, आणि ते तिला एका संध्याकाळी बेसिनपाशी सापडलं. तिथे गोड वास येत होता. तिनं खाली वाकून जाळीशी नाक नेलं. तोच वास. ती तशीच ओल्या हातानं आत गेली.

“ताई, तू दुपारची बाटली ओतून देतेस.”

थोरलीला आधी ते कळलंच नाही. “कुठे ओतते?”

“बेसिनमध्ये. वास येतोय मला.”

“पेला विसळते ना गं मी. वास येणारच.”

“मग त्या एकाच बाटलीनं तुला काही होत नाही हे कसं?”

“ते मला काय ठाऊक? मानवते, एवढं खरं.”

“मी इथे तुझ्यासाठी जिवाचं रान करतेय आणि तू मला फसवतेस?”

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की धाकटीला हातातला ओला टॉवेल कुठे ठेवावा ते कळेना. मग ती म्हणाली, “चाळीस वर्षं मी लोकांचं खोटं नुसत्या कानानं ओळखलं, धाकटे. तुला माझं खरं ओळखता येऊ नये?”

दुसऱ्या दिवसापासून धाकटी दुपारच्या सुट्टीत घरी यायला लागली. जायला बस, यायला बस, मधे दहा मिनिटं. कट्ट्यावरची बाटली तिनं परत फ्रीजमध्ये, मागे नेऊन ठेवली. सव्वाबाराला दार उघडायचं, बाटली, पेला, “एका दमात,” पेला उलटा करून दाखवायला लावायचा, आणि दार ओढायचं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत तिनं स्वतः दुपारी काही खाल्लं नाही, आणि हा त्याग थोरलीनं एकदा तरी बोलून दाखवावा असं तिला वाटत राहिलं. थोरली पेला रिकामा करून एवढंच म्हणायची, “झालं समाधान?” आणि मग दुपारच्या बाटलीनंतरही पोट वाजू लागलं. कपाटं सरकू लागली. ते कळलं तेव्हा धाकटीला काय वाटलं असेल? तिला आनंद झाला. आज आठवलं की अंगावर काटा येत होता, पण झाला होता खरा. ती म्हणाली होती, “बघ! आता पोटात जातेय म्हणून वाजतंय. म्हणजे आधी जातच नव्हती.” एवढं चोख, एवढं बिनतोड. थोरली भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर तिनं पोटाबद्दल एक शब्द काढला नाही, आणि आणखीही एक गोष्ट बंद झाली. रोज संध्याकाळी ती समोरच्या इस्त्रीवाल्याच्या गोष्टी सांगायची. आज त्याच्या बायकोनं रेडिओ बंद केला, मग त्यानं लावला, मग ती रुसून आत गेली, मग त्यानं स्वतःच बंद केला आणि ती येऊन परत लावून गेली. “तुला दुसरा उद्योग नाही,” म्हणत धाकटी भाजी चिरायची. त्या गोष्टी थांबल्या आणि धाकटीच्या ते ध्यानातही आलं नाही. घरात शांतता आहे, म्हणजे सगळं मार्गाला लागलंय, असंच तिला वाटलं.

मग दुखणं परत उलटलं. रुग्णालयाच्या बोळात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं, आजार पसरलाय, यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. धाकटीनं विचारलं, “मधे महिनाभर ती दुपारची बाटली पीत नव्हती, त्यामुळे तर नाही?” डॉक्टर थकलेले होते, पण माणूस चांगला. “तेवढ्यानं काही अडलं नसतं हो,” ते म्हणाले. तिनं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. कारण तिला राग हवा होता. ताई फसवून गेली, प्यायली असती तर राहिली असती, आपण एवढं केलं आणि तिनं बेसिनमध्ये ओतलं. हा राग दोन महिने तिच्या सोबतीला होता. रिकाम्या घरात दुःखापेक्षा राग बरा. दुःखाशी भांडता येत नाही.

उरलेली खोकी भाच्यानं, भावाच्या मुलानं, आणलेली होती, हौसेनं एकदम चार. तोच दर रविवारी दूरच्या शहरातून फोन करायचा. “आत्या, जेवतेस ना वेळेवर?” “जेवते की.” “काय केलंस आज?” मग ती काहीतरी सांगायची, सूप केलं, पाव भाजला. खरं म्हणजे एकटीसाठी गॅस पेटवायला तिचा हात उचलत नव्हता. एक दिवस सव्वाआठला हात सवयीनं फ्रीजमध्ये गेला, बाटली बाहेर आली, पेला भरला, आणि पेला धरून ती रिकाम्या पलंगापुढे उभी राहिली. मग तिनं तो स्वतः पिऊन टाकला. एका दमात. वाया कशाला घालवायचं, असं मनाशी म्हणाली. पुढे तेच नाश्ता झालं, तेच जेवण. चौथ्या दिवशी रविवार होता. ती खाटेवर पडली होती आणि खोलीत तो आवाज झाला, वरच्या मजल्यावर कपाट सरकवल्यासारखा, आणि ती ताडकन उठून थोरलीच्या पलंगाकडे बघू लागली. आवाज तिच्याच पोटातून येत होता. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. घरात कुणीतरी आहे असं वाटलं. जिभेवर मेण बसू लागलं, पोट फुगू लागलं, न्हाणीघराच्या खेपा सुरू झाल्या. तिनं कुणाला सांगितलं नाही. ताईचं एवढंच तर आपल्याकडे राहिलंय, असं ती धरून चालली होती. आणि मनात कुठेतरी, खोल, वाईट असं एक समाधान: बघ, मी पिते आणि मला होतं. खरंच पीत असतीस तर तिन्ही वेळा तुलाही व्हायला हवं होतं.

आता पुढ्यातल्या पत्रकावर लिहिलं होतं, घोट घोट. साधारण खोलीच्या तापमानाला. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळपासून ठेवलेली बाटली कुठल्या तापमानाला असते? कुणीही उभं नसताना, घड्याळ नसताना, आजारी माणूस ती कशी पितं? धाकटीचा डोळा त्या तीन ओळींवरून पुढे जाई आणि परत येई. ती पुन्हा शेवटापासून वाचायला गेली, पण रीत चालेना. ‘घोट’ दोनदा आला होता. आजवर तिनं एवढंच पाहिलं असतं की दोन्ही घोटांच्या मधे जागा सारखी सुटली आहे. चौकट रिकामी ठेवून ती छापखान्याच्या मुख्यांकडे गेली. “ही एवढी ओळ मोठ्या अक्षरात घ्या म्हणून कळवता येईल?” मुख्य तिच्यापेक्षा वयानं लहान, तिच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांना वाटलं बाई थट्टा करतायत. “भिंगबाई, आपण कधीपासून मजकुरात हात घालायला लागलो? तुम्हीच शिकवलंत, अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं.” “हो,” धाकटी म्हणाली, “मीच शिकवलं.” मग ती म्हणाली, “मला उद्या रजा हवी आहे.” मुख्यांनी कारण विचारलं नाही. बाईंचा चेहरा पाहून त्यांनी फक्त खुर्ची पुढे सरकवली, आणि ती बसली नाही.

त्या संध्याकाळी तिनं बाटलीला हात लावला नाही. पाव भाजला, बटाटा उकडला, बऱ्याच दिवसांनी दातांना काम मिळालं. सकाळीही बाटली घेतली नाही. सव्वाआठला ती फ्रीजमधून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जिथे ते तीन आठवडे सोडले तर थोरलीची रोज ठेवत असे, आणि दुसरं काही न सुचून घर झाडून काढलं. एका पुराव्यावर विसंबायचं नाही हा तिचा जन्माचा धडा. पत्रक म्हणतं म्हणून खरं नव्हे. ताई म्हणाली म्हणून तर तिनं खरं मानलंच नव्हतं. पोट काय म्हणतं ते पाहायचं. सव्वाबाराला तिनं थोरलीची खुर्ची खिडकीशी ओढली, पेला भरला आणि बसली. मनातून ती कसली वाट पाहत होती? पोट वाजावं अशी. वाजलं तर ताई खोटं बोलली, तर दोन महिन्यांचा राग जागेवर राहील आणि ती होती तशी जगू शकेल. न वाजलं तर काय, हे तिनं पुढे नेऊन पाहिलं नव्हतं.

पहिला घोट कोमट होता. वास आला, पण वाटला होता तेवढा वाईट नाही. दुधाच्या बिस्किटांच्या डब्यासारखा. तिनं पेला कट्ट्यावर ठेवला. आता काय करायचं? दोन घोटांच्या मधे माणसानं काय करायचं असतं? घड्याळ तिनं मुद्दाम आत काढून ठेवलं होतं. समोर इस्त्रीवाल्यानं फडताळातले कपडे एकीकडे सारले आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. दुसरा घोट. त्याची बायको डबा घेऊन वाकून आत शिरली. फळीवर वर्तमानपत्र पसरून दोघं समोरासमोर जेवायला बसली. शटरखालून नुसते त्यांचे हात दिसत होते. रेडिओ लागला. बाईचा हात वर गेला, रेडिओ बंद झाला. धाकटीचा पेला ओठांशीच राहिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पुरुषाचा हात गेला, रेडिओ लागला. बाई उठली, तिचे पाय बाहेर आले, पायरीवर ती रस्त्याकडे तोंड करून बसली आणि केस सोडून पुन्हा बांधू लागली. आतून रेडिओ बंद झाला. बाई जागची हलली नाही. तिसरा घोट, चौथा. एक सायकल गेली, एक कुत्रं पायरीजवळ येऊन तिचा हात हुंगून गेलं. मग ती उठली, वाकून आत गेली, आणि रेडिओ लागला. आता दोघांचेही हात परत फळीवर होते. पेल्यात तळाला बोटभर उरलं होतं. हे सगळं पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ती बाटली प्यायला लागतो, हे धाकटीच्या हळूहळू ध्यानात आलं. ताई रोज इथे होती. रोज या खुर्चीत बसून तिनं हा खेळ शेवटपर्यंत पाहिला होता, आणि संध्याकाळी तो तिच्यासाठी राखून आणला होता.

पेला रिकामा झाला. धाकटीनं तो नेऊन बेसिनमध्ये विसळला. जाळीतून गोड वास वर आला, आणि ती नळ तसाच सोडून उभी राहिली.

मग ती परत खुर्चीत येऊन बसली आणि पोटाकडे लक्ष देऊ लागली. तासाभरात व्हायला हवं होतं. शटर वर गेलं, इस्त्री सुरू झाली. ऊन कट्ट्यावरून खाली उतरलं, जमिनीवर आलं, पलंगाच्या पायाला लागलं. तिनं पोटावर हात ठेवला. सकाळ-संध्याकाळ जे पोट एवढं बोलायचं ते तिथे होतं, उबदार, भरलेलं, आणि शहाण्यासारखं गप्प बसलेलं. तिनं वाकून कान देऊन पाहिलं, जणू आपल्याच पोटाला कान लावता येतो. आणखी एक तास गेला. वरच्या मजल्यावर कुणी काही सरकवत नव्हतं. तिला तो आवाज हवा होता, कुठल्याही परिस्थितीत हवा होता, आणि तो येत नव्हता. तिचा राग कुठे गेला तेही तिला कळलं नाही. एवढे दिवस घरभर पसरलेला तो राग, आणि आता शोधायला गेलं तर कुठेच नाही. त्याच्या जागी भिंतीकडे तोंड करून पडलेली ताई होती, तीन आठवडे गार पेला एका दमात संपवणारी, उलटा करून दाखवणारी. तिला दिवसातून एकदाच, अर्धा तास, बरं वाटायचं, आणि तेवढंही आपण बस पकडून येऊन काढून घेतलं. ताईला राग आला असेल का? नसेलच. ताईला कानानं कळत असणार की दार उघडणाऱ्या बाईनं दिवसभर काही खाल्लेलं नाही.

ऊन पलंगावर चढलं आणि पुढे भिंतीवर गेलं. धाकटी थोरलीच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. बोलायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की आज सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही.

“मानवली गं, ताई,” ती म्हणाली.

मग ती तशीच बसून राहिली, कान देऊन.